पाणी निरखून पिणारा माणूस

५ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाई,

सप्रेम सलाम.

जेवणाची सुट्टी संपायला वीस मिनिटं आहेत आणि हाताला अजून कामाचं प्लास्टर चिकटलेलं आहे, तेव्हा कागदावर पांढरे डाग दिसले तर नाक मुरडू नकोस. फोन करायचा मोह तीनदा आवरला. तूच म्हणतेस ना, फोनवर माणूस सुचेल ते बोलतं, कागदावर जरा थांबून बोलतं. पण आज थांबवत नाहीये.

रविवारी चर्चमधली उपासना झाल्यावर पाळकीणबाईंनी मला जिन्याशी गाठलं. हातात गीतपुस्तकांचा ढीग होता, तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "संध्याकाळी चहाला ये. एक गृहस्थ येणार आहेत. चांगली साडी नेस, पण फार चांगली नको." मी म्हटलं, झालं, पुन्हा एकदा परीक्षा. तुला माझे मागचे तिन्ही पेपर माहीत आहेतच. पहिला बाप्तिस्म्याचा दाखला प्लास्टिकमध्ये घालून घेऊन आला होता आणि आधीची दोन वर्षं चर्चचं तोंड पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या आईला माझी नोकरी खुपली, दिवसभर लोकांच्या तुटलेल्या पायांना हात लावते म्हणून. तिसरा म्हणाला, मी तुमच्यासाठी नावापुरता ख्रिस्ती व्हायला तयार आहे. तो माणूस वाईट नव्हता गं. पण नावापुरत्या गोष्टीवर मी आयुष्य कसं उभं करू? मी कृत्रिम पाय बनवते, मला ठाऊक आहे, तुटका पाय आत बसतो ती वाटी नावापुरती बसली की दहा पावलांत कातडी सोलते.

आमच्या मंडळीत लग्नाचे पुरुष मोजून तीन. एक माझा मावसभाऊ, एक पंचाहत्तरीचे विधुर, आणि तिसऱ्याचं त्याच्या मोटरसायकलीशी आधीच जमलेलं. तेव्हा 'बाहेरून कुणीतरी आलंय' ही बातमीच बाबांना पुरेशी होती. त्यांनी दुपारपासून बूट पुसायला घेतले.

तर हे गृहस्थ बेचाळीस वर्षांचे. शहराच्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रात रसायनतज्ज्ञ आहेत. आपण नळ सोडतो ते पाणी आधी यांच्या हाताखालून येतं. दोन महिन्यांपूर्वी बदली होऊन आले. आईबरोबर राहतात. उंच, जरा वाकून चालणारे, केस कानापाशी पिकलेले. पाळकीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला तर त्यांनी तो आधी खिडकीकडे धरून उजेडात निरखला आणि मग प्यायले. बाबा परत येताना म्हणाले, "आपण त्याचं पाणी जोखायला गेलो, तर तोच आपलं पाणी जोखून बसला." आणि रस्त्यात उभं राहून हसले. आई गेल्यापासून बाबांना रस्त्यात उभं राहून हसताना मी पाहिलं नव्हतं.

कमी बोलतात. पण ऐकतात. मी नेहमीसारखी पायांबद्दल बोलत सुटले, साचा कसा घेतात, गुडघा कसा वाकतो, आणि पाळकीणबाई डोळ्यांनी मला पुरे म्हणत होत्या. ते मात्र पुढं सरकून बसले. निघताना त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं, 'तुमची कार्यशाळा बघायला येऊ का? गुरुवार?'

आज बुधवार आहे. सकाळपासून मी कार्यशाळा दोनदा झाडून काढली आहे. मास्तरीणबाई, अडतिसाव्या वर्षी हे शोभतं का ते सांग, आणि नाही शोभत असं सांगू नकोस.

तुझी,
टिटवी

*

११ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

तुला टिटवी हे नाव मी वसतिगृहात ठेवलं तेव्हा तुझी बडबड बंद होईल अशी आशा होती. सतरा वर्षं झाली. आशा सोडलीय.

पत्र वर्गात वाचलं. मुलं पाढे लिहीत होती. मला हसू आलं म्हणून पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, चुकलं का?" शोभतं गं. अडतिसाव्या वर्षी जास्त शोभतं.

पण एक सांगू? जरा सबुरीनं घे. एका चहात माणूस कळत नाही. ते आधी कुठं नोकरीला होते, हे विचारलंस का? बदली का झाली? आईचा स्वभाव कसा आहे? पूर्वी कुठं जमत आलं होतं का, मोडलं असेल तर का मोडलं, हे पाळकीणबाईंना नीट विचारून घे. मी मोडता घालत नाहीये. फक्त तू उडी मारतेस आणि मग खाली पाणी किती आहे ते बघतेस, म्हणून लिहिते.

आमच्याकडे विशेष काही नाही. शाळेची तपासणी आहे, फळ्यांना नवा रंग दिलाय आणि त्यावर खडू उमटत नाहीये.

बाबांना सलाम सांग.

तुझी,
मास्तरीण

*

२० फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाई,

तुझं पत्र वाचून मी आधी रुसले आणि मग विचारात पडले. तू असं चौकशी अधिकाऱ्यासारखं कधी लिहीत नाहीस. मग म्हटलं, माझीच चूक. मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आणि तुला बहुतेक त्याचा वास आला.

ते कमी बोलतात असं मी लिहिलं. खरं असं आहे की ते अडखळतात. थोडंथोडकं नाही, शब्द घशात अडतो, मान ताठ होते, डोळे मिटतात, आणि कधीकधी अख्खं मिनिट जातं. म्हणून तर चिठ्ठी लिहून दिली. हे तुला लिहिलं नाही कारण तू 'अरेरे' म्हणशील अशी भीती वाटली. माझ्या आनंदावर कुणाचं 'अरेरे' सांडायला नको होतं.

आता गुरुवारचं ऐक. ते आले तेव्हा मी एका रिक्षावाल्या काकांच्या पायाचा साचा घेत होते. ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि घट्ट होईपर्यंत हातानं दाबून धरायचं, त्यात मधे थांबता येत नाही. त्यांनी बाही वर केली आणि पाण्याचं घमेलं धरून माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले. काकांनी नाव विचारलं. नाव यायला बराच वेळ लागला. काका शांतपणे म्हणाले, "सावकाश सांगा, मला कुठं पळायचंय." आणि तिघंही इतके हसलो की साचा पुन्हा घ्यावा लागला. मास्तरीणबाई, हे स्वतःवर हसू शकतात. मागच्या तिघांपैकी एकालाही ते जमत नव्हतं.

आणि रविवारी ते माझ्या मागच्या बाकावर होते. गीत सुरू झालं आणि मागून भरदार, खालच्या पट्टीतला आवाज आला, एकही अक्षर न अडखळता. मी वळून बघितलं. उपासनेत वळून बघू नये म्हणून आईनं लहानपणी काढलेले चिमटे आठवले, तरी बघितलं. गाताना त्यांची जीभ अडत नाही. त्यांनी नंतर कागदावर लिहून सांगितलं की देव एका हातानं बंद करतो ते दार दुसऱ्या हातानं किलकिलं ठेवतो.

तू विचारायला सांगितलंस म्हणून पूर्वीचं विचारलं. त्यांनी नाही, त्यांच्या आईनं सांगितलं, माझा हात हातात घेऊन. दोन वर्षांपूर्वी आधीच्या गावी एका ठिकाणी बघायला गेले होते. चांगलं घर, शिकलेली मुलगी, चर्चमध्ये नावाजलेली. हे स्वतःचं नाव सांगायला गेले, अडले, आणि ती मुलगी हसली. सगळ्यांच्या देखत. त्या दिवसानंतर यांनी लग्नाचं नाव काढू दिलं नाही. बदली मागून घेतली, ती आत्ता मिळाली. पाळकीणबाईंनी चार वेळा घरी जाऊन मन वळवलं तेव्हा कुठं ते चहाला आले.

कोण असेल ही भवानी? रविवारी पहिल्या बाकावर बसायचं, शेजाऱ्यावर प्रीतीचे धडे द्यायचे, आणि एका माणसाला नाव सांगता येत नाही म्हणून फिदीफिदी हसायचं. कधी समोर आली ना, तर तिची अशी खरडपट्टी काढीन की जन्मात हसायची नाही. आणि मग तिचे आभारही मानीन, कारण ती हसली नसती तर ते इथं आलेच नसते. आधी खरडपट्टी मात्र नक्की.

आता तरी आनंदानं लिही.

तुझी,
टिटवी

*

२६ फेब्रुवारी

प्रिय टिटवे,

ती भवानी मी आहे.

हे एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. आता पुढचं लिहिते.

तुझ्या पहिल्याच पत्रात ग्लास उजेडात धरायचं वाचलं आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. असं करणारा माणूस मी एकदाच पाहिलाय, माझ्या काकांच्या बैठकीत, दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये. तुला मी त्या भेटीबद्दल तेव्हा एक ओळ लिहिली होती, 'एक जण येऊन गेले, जमलं नाही.' एवढंच. खरं सांगायची लाज वाटली.

मी त्यांची टिंगल केली नव्हती, एवढं तरी ऐक. मी घाबरले होते. सदतिसावं लागलेलं, काकू दारातून खुणा करतेय, कप हातात थडथडतोय. ते बोलायला लागले आणि शब्द येईना. आणि माझ्या तोंडातून ते हसू निसटलं. कसलं ते मला आजही सांगता येत नाही. वर्गात कुणी पडलं की मुलं दचकून हसतात तसलं. पण त्यांना काय ठाऊक? त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, ग्लास खाली ठेवला. मग त्यांच्या आई उठल्या.

ते गेल्यावर काकू म्हणाली, "जाऊ दे, प्रभूची इच्छा नसेल." आणि मी ते चटकन उचललं. प्रभूच्या इच्छेच्या पदराआड माझं हसू लपवून टाकलं. क्षमेचं पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. मग कळलं की ते गाव सोडून गेले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे सगळ्यात वाईट.

तुला सबुरीनं घे म्हणून लिहिलं ते तुझ्या काळजीनं नव्हतं. तुझं जमलं तर माझं उघडं पडेल, ही भीती होती. तू त्याला माझी दूरदृष्टी समजलीस, म्हणून जास्त लाज वाटते.

खरडपट्टी काढ. पण त्यांना सोडू नकोस. त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी काहीही कबूल करायला तयार आहे.

तुझी म्हणायचा हक्क राहिला असेल तर, तुझी,
मास्तरीण

*

२ एप्रिल

प्रिय टिटवे,

पाच आठवडे झाले. पोस्टमन आता मला बघून दुरूनच मान हलवतो. उत्तर दे असं म्हणत नाही. रोज तुम्हा दोघांसाठी प्रार्थना करते, एवढंच कळवायचं होतं. सुरुवातीला ती प्रार्थना घशाखाली उतरत नव्हती. आता उतरते.

मास्तरीण

*

९ एप्रिल

मास्तरीणबाई,

'प्रिय' लिहिलं नाही, कारण राग पूर्ण गेलेला नाही. पत्राच्या शेवटापर्यंत जाईल असं वाटतं. मला इतकं सांगायचंय की राग धरून ठेवायला हात मोकळा नाहीये.

तुझं पत्र वाचून मी ते साच्यांच्या कपाटात, तळाशी, पिठाच्या गोणीसारख्या प्लास्टरच्या पोत्यामागे ढकललं. तीन आठवडे तुझ्याशी मनात भांडले. तू हसलीस याचा राग होताच. पण सतरा वर्षांत तू मला न सांगितलेलं काही असेल, याचा जास्त होता. त्यांना काही बोलले नाही.

मग एका शनिवारी आम्ही दोघं बसच्या तिकीटखिडकीशी उभे होतो. मागे रांग, बस सुटायला आलेली. त्यांना ठिकाणाचं नाव सांगायचं होतं आणि ते अडलं. खिडकीतली बाई पेन आपटायला लागली. मागचा कुणीतरी 'अहो' म्हणाला. आणि मी पटकन पुढं वाकून नाव सांगून टाकलं. चुकीचं सांगितलं, मास्तरीणबाई. त्यांना त्यांच्या मावशीकडे जायचं होतं, मी भलत्याच गावाची दोन तिकिटं काढली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळखीच्या दुखण्याकडे बघावं तसं. मी हसले नव्हते, मला त्यांच्याविषयी माया होती, आणि तरी मी तेच केलं होतं. त्यांच्या तोंडातला शब्द ओढून घेतला होता.

आम्ही त्या भलत्याच गावी गेलो. तिथं एका तळ्याकाठी बाकावर बसून मी त्यांना तुझं सगळं सांगितलं. माझंही सांगितलं. त्यांनी खिशातून वही काढून लिहिलं, 'तिचा पत्ता दे.'

त्यांचं पत्र सोबत आहे. मी वाचलेलं नाही. पाकीट त्यांनीच बंद केलं.

आता मुख्य गोष्ट. मागच्या मंगळवारी ते कामावरून थेट कार्यशाळेत आले. सगळे गेले होते, मी वाटीत प्लास्टर कालवत होते. समोर उभे राहिले आणि बोलायला लागले. 'माझ्याशी' पर्यंत आलं आणि पुढं 'ल' वर अडलं. पुढचं अक्षर मला ठाऊक होतं, एवढी वेडी नाही मी. जिभेच्या टोकावर येऊन नाचत होतं. पण मी ओठ गच्च मिटून घेतले. तू कधी मला तोंड मिटलेलं पाहिलंयस का? त्यांची मान ताठ झाली, कपाळाला घाम आला. माझ्या हातातलं प्लास्टर वाटीतच घट्ट झालं, चमचा उभा राहिला त्यात. तरी मी थांबले. आणि मग तो अख्खा शब्द आला, 'लग्न', आणि पाठोपाठ 'करशील का' तर धडाधड, जणू मागून कुणी ढकलल्यासारखं.

मी हो म्हणाले. इतक्या मोठ्यानं की शेजारच्या चपला दुरुस्त करणाऱ्यानं दारातून डोकावून विचारलं काय झालं. आता मी त्यांना 'अरे' म्हणते, तुझी परवानगी न घेता.

तारीख ठरली आहे, ३१ मे. बाबा त्याच्या आईला रोज फोन करून विचारतात की अजून काही ठरवायचं राहिलंय का.

फक्त एक काटा आहे. लग्नात वेदीपुढं म्हणायची वचनं. पाळकसाहेबांनी प्रेमानं सुचवलं की त्यानं नुसतं 'होय' म्हटलं तरी चालेल, बाकी ते म्हणतील. तो तयार नाही. म्हणतो, ज्या बाईला आयुष्य द्यायचं तिला ते दुसऱ्याच्या तोंडून द्यायचं नाही. पण चर्चभर माणसं, भिंतीवरचं घड्याळ, आणि त्याचा अडलेला शब्द. झोपेत त्याच्या जबड्याला कळा येतात, असं त्याची आई म्हणते. तुला काही सुचतं का? तू शिकवतेस.

पत्र संपलं. बघ, राग गेला. तेव्हा वर जिथं नुसतं 'मास्तरीणबाई' आहे तिथं 'प्रिय' वाच.

तुझी,
टिटवी

*

(सोबतचं पत्र)

९ एप्रिल

आदरणीय बाई,

सप्रेम सलाम.

कागदावर मी अडखळत नाही. त्यामुळे माझी पत्रं वाचून लोक भलत्याच माणसाला भेटायला येतात आणि समोर मी असतो. तुमच्या काकांनाही माझं पत्र आवडलं होतं, असं आठवतं.

त्या दिवसासाठी मी चार दिवस तयारी केली होती. केंद्रात पंपांचा आवाज इतका असतो की माणूस तिथं ओरडला तरी कुणाला ऐकू जात नाही. तिथं उभा राहून मी माझं नाव म्हणत असे. पंपांसमोर एकदाही अडलं नाही. तुमच्यासमोर पहिल्याच अक्षराला अडलं.

तुमचं हसू लागलं. लागलं नाही असं लिहिलं तर ते सभ्य दिसेल, पण खोटं होईल. दोन वर्षं मी फक्त ते हसूच पाहत राहिलो. तुमचं सगळं ऐकल्यावर तळ्याकाठी मला त्या खोलीतलं आणखी एक दृश्य आठवलं. तुमच्या हातातला कप इतका हलत होता की चहा बशीत सांडून तुमच्या साडीवर पडत होता, आणि तुम्हाला ते कळलंही नव्हतं. मी हे तेव्हा पाहिलं होतं. पण ते लक्षात ठेवलं असतं तर मला तुमच्यावर रागावता आलं नसतं, म्हणून विसरलो. पाण्याच्या नमुन्यातला मला हवा तेवढाच भाग तपासला. माझ्या धंद्यात यापायी नोकरी जाते.

'क्षमा केली' असं मी इथं सहज लिहू शकतो. मला दोन सेकंद लागतील. म्हणूनच लिहीत नाही. ते तोंडानं सांगायचं आहे, आणि त्याला वेळ लागेल. तेवढा वेळ काढून लग्नाला यावं.

तिला तुमच्याशिवाय करमत नाही. तीन आठवडे ती कुणाशी भांडत होती ते मला माहीत नव्हतं, पण जे कुणी होतं ते तिचं फार जवळचं आहे एवढं कळत होतं.

आपला नम्र,
पाणी तपासणारा

*

१७ एप्रिल

प्रिय टिटवे,

त्यांचं पत्र मी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर वाचलं आणि तिथंच रडले. शिपाई पाणी घेऊन आला. मी ते उजेडात धरून बघितलं, मग आणखी रडले. येणार. तिकीट काढलंय, बरोबर गावाचं.

आता कामाचं. माझ्या दुसरीच्या वर्गात दरवर्षी एखादं तरी मूल असं असतं की एकटं वाचायला उभं केलं की अडतं. पण सगळा वर्ग एका सुरात वाचत असताना तेच मूल घडाघडा वाचतं. दुसऱ्याचा आवाज सोबतीला असला की जिभेवरचा पहारा उठतो. त्यांचं गाण्यातही तेच होत असणार. तेव्हा पाळकसाहेबांना म्हणावं, तुम्ही वाक्य आधी म्हणायचं आणि मग त्यांनी, असं नको. दोघांनी एकदम म्हणा, एका लयीत. शब्द त्यांचेच राहतील, आवाज त्यांचाच राहील, फक्त शेजारी कुणीतरी चालत असेल. तुझ्या कार्यशाळेत नवा पाय घातलेला माणूस पहिल्यांदा दोन दांड्यांच्या मधून चालतो ना, तसं. दांड्या त्याच्याऐवजी चालत नाहीत.

घरी सराव करा. आणि त्यांच्या आईंना माझा सलाम सांग. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत तरी मी समजून घेईन, हेही सांग.

तुझी,
मास्तरीण

*

२ जून

प्रिय टिटवे,

गाडीत बसून लिहितेय, म्हणून अक्षरं उड्या मारताहेत. तुम्ही दोघं चार दिवस फोन बंद ठेवणार आहात, तेव्हा हे परत आल्यावर वाचशील. परवा वेदीपाशी तुझी पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे तुझ्याच लग्नात तुला जे दिसलं नाही ते मी सांगायला हवं.

पाळकसाहेब आणि ते, दोघं एकदम सुरू झाले. तुम्ही सराव चांगला केला होता. पहिलं वाक्य इतकं सरळ गेलं की माझ्या शेजारच्या बाईनं मला हळूच विचारलं, हेच का ते, जे अडखळतात? आणि तेवढ्यात त्यांनी पाळकसाहेबांच्या बाहीला हात लावला. पाळकसाहेब थांबले. आम्हाला वाटलं, बिघडलं काहीतरी. मग ते एकटेच पुढं म्हणायला लागले. असं का केलं ते तुला ठाऊक असेल. मला नको सांगूस.

'सुखात' आलं. 'दुःखात' अडलं. टिटवे, तुझ्या डोक्यावरची जाळी जरासुद्धा हलली नाही. तू झाडासारखी उभी होतीस. मागे मात्र काय झालं ते ऐक. तुझे बाबा उठून उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, उभं राहायची वेळही नव्हती. मग त्यांच्या शेजारी त्यांच्या विहीणबाई उभ्या राहिल्या. मग तुझे ते रिक्षावाले काका, तू केलेल्या पायावर, बाकाला धरून. एकेक करत सगळं चर्च उभं राहिलं, चपलेचा आवाजही न करता, आणि 'दुःखात' येईपर्यंत तसंच राहिलं. मग आजारपण, आरोग्य, मरेपर्यंत, एकेक शब्द आला. घड्याळाकडे मी एकदाही बघितलं नाही. किती वेळ लागला ते कुणीही विचारलं तर मला सांगता येणार नाही.

ते संपलं आणि पाळकसाहेबांची पाळी आली, तर त्यांचाच आवाज फुटेना. डोळे पुसत उभे. तेव्हा तुझ्या नवऱ्यानं त्यांना हळूच सांगितलं, "पु-पुढचं, साहेब." तेवढं तर तू ऐकलंसच, कारण तुझे खांदे हलायला लागले. आणि अख्खं चर्च हसलं. मीही हसले, मोकळ्यानं, आणि त्यांनी वळून पाहिलं तर त्यांच्याही तोंडावर हसू होतं.

नंतर अभिनंदनाच्या रांगेत मी पुढं आले. त्यांनी माझा हात धरला आणि तो शब्द सांगायला सुरुवात केली. 'क्ष' हे जगातलं सगळ्यात अवघड अक्षर असणार. माझ्यामागे साठ माणसं खोळंबली. मी हलले नाही. तो पूर्ण आला तेव्हा मी मान लववून हो म्हटलं. त्यांच्या आईंनी माझी पर्स त्यांच्या खुर्चीवर ठेवायला लावली आणि जेवताना मला शेजारी बसवलं.

आता एक बातमी. निघायच्या आधी पाळकीणबाईंकडे निरोप घ्यायला गेले होते. त्यांनी विचारलं, तुमचं काय, तुम्हीही अजून एकट्याच ना, कसा माणूस हवा? पूर्वी मी यादी म्हणून दाखवली असती, शिक्षण, उंची, कुठल्या मंडळीचा, बायबलची किती वचनं पाठ आहेत. काल म्हणाले, "कसा हवा ते नंतर सांगते. आधी मी कशी आहे ते लिहून घ्या. सांगायला जरा वेळ लागेल."

त्यांनी चष्मा लावला, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "मग बसा."

तुझी,
मास्तरीण